खिळ्यांची कुंकुमपत्रिका



आमच्या गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, शिक्षणपद्धती, गोमंतकाचा मुक्तिसंग्राम अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी आपले विचार मांडले आहेत. त्या पंगतीत लग्नपत्रिकेने येऊन बसावे, हे कोणास थोडे विचित्र वाटेल. मी विषय कळविला तेव्हा कार्यवाहांनी नम्रपणे पुन्हा एकवार विचारून खात्री करून घेतलीच. परंतु गुरुजींचा आणि या विषयाचा संबंध फार निकटचा होता. गावातील बहुतेक लग्नांचा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी त्यांच्या नजरेखालून जाई. मंगलाष्टके तर तेच रचीत. आणि छापखान्यातून आलेले मुद्रित तपासण्याचे कामही त्यांच्याकडेच येई, अर्थात विनामूल्य. ज्या कागदावर त्यांनी इतके ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले, त्या कागदाचा इतिहास त्यांच्या नावाच्या व्याख्यानात सांगणे मला अस्थानी वाटत नाही.

प्रथम एक घोटाळा दूर करावयास हवा. लग्नपत्रिका हा शब्द आपण आज छापील निमंत्रणास लावतो. वस्तुतः जुनी लग्नपत्रिका म्हणजे उपाध्यायांनी हाताने लिहिलेले, तिथी, वार, नक्षत्र आणि लग्नघटिका नमूद केलेले पत्र. ते दोन घरांमधील होते. गावाशी त्याचा संबंध नव्हता. गावाला बोलावणे जाई ते अक्षतांनी. घरातील कोणी वडीलधारी व्यक्ती हळदकुंकू लावलेल्या अक्षता घेऊन दारोदार जाई, आणि त्याआधी पहिले बोलावणे ग्रामदेवतेला व कुलदेवतेला केले जाई. छापील कुंकुमपत्रिका आली ती या अक्षतांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. म्हणूनच पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना कुंकवाचे बोट लावण्याचा प्रघात टिकला. यंत्रातून निघालेल्या कागदास घरच्या हाताचा स्पर्श झाल्याखेरीज ते बोलावणे होत नाही, अशी ती समजूत होती.

आता या कागदाचा इतिहास गोमंतकात कोठून सुरू होतो ते पाहू. हिंदुस्थानातील पहिले मुद्रणयंत्र सप्टेंबर १५५६ मध्ये गोव्यात उतरले, ही गोष्ट आपण शाळेत पाठ केली आहे. ते यंत्र ॲबिसिनियाकडे निघाले होते आणि येथे राहिले, हेही अनेकांस ठाऊक असेल. परंतु त्या यंत्राने आपल्या लिपीतील एक ओळही छापली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. स्टीफन्सना याची खंत होती. १६०८ च्या एका पत्रात त्यांनी आपल्या वरिष्ठांना कळविले की, या भूमीच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे. परंतु येथील अक्षरे युरोपातल्यासारखी चोवीस नाहीत, त्यांचे साचे सहाशेच्या घरात जातात, आणि इतके साचे ओतणे अशक्यप्राय दिसते. हा सहाशेचा आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे लग्नपत्रिका जुळविणाऱ्याच्या बोटांशी त्याचा संबंध येणार आहे.

खिळे नव्हते, ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अधिक कठोर होती. ज्या शतकात गोव्यात ग्रंथ छापले जात होते, त्याच शतकात जुन्या काबिजादींत हिंदूंचे लग्न ही गोष्टच निषिद्ध ठरली होती. १६२० च्या जानेवारीत निघालेल्या हुकुमाने गोवे शहरात, बेटांत व लगतच्या मुलखात हिंदूंनी विवाहविधी करण्यास मनाई केली. पुढे १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या आज्ञापत्रात धर्मांतरितांच्या घरांतील लग्नाच्या जुन्या चालींची यादीच दिली आहे: विडे देणे, फुले देणे, हळद लावणे, ओव्या म्हणणे. या सर्वांवर बंदी होती. कै. अनंत काकबा प्रियोळकर यांनी एका हाताने हिंदुस्थानातील मुद्रणाचा इतिहास लिहिला आणि दुसऱ्या हाताने गोव्यातील इन्क्विझिशनचा. प्रियोळ गावच्या या सुपुत्राला हे दोन विषय एकत्र सुचावेत, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडे, सांगे, केपे, डिचोली, पेडणे हे महाल पोर्तुगीजांकडे आले, तेव्हा तेथील रयतेला तिच्या रीतिरिवाजांची हमी मिळाली. लग्ने उघड्यावर होऊ लागली, वाजंत्री वाजू लागली. छापखाने मात्र त्या काळी गोव्यात उरलेच नव्हते. सतराव्या शतकात बंद पडलेले मुद्रण पुन्हा सुरू झाले ते १८२१ साली, आणि तेही सरकारी.

देवनागरी खिळ्यांचा प्रश्न सुटला तो मुंबईस. तेथील गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर आरंभ करून पंचांग छापले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातील मंडळी छापील कागदास शिवत नसत. तेव्हा गणपत कृष्णाजींनी तूप घालून शाई तयार केली, अशी हकीकत सांगतात. पंचांग छापील झाले म्हणजे मुहूर्त छापील झाला, आणि मुहूर्त छापील झाल्यावर निमंत्रण छापण्यास हरकत घेण्याचे कारण उरले नाही, असे मला वाटते. यानंतर जावजी दादाजी आले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी खिळे घासण्याचे काम करणारा हा मुलगा. त्याने १८६४ मध्ये खिळ्यांचा स्वतंत्र कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या ठशांवरून पडलेले निर्णयसागरचे अक्षर पुढे देशभर गेले. गोव्यात १८७० च्या दशकात ‘देशसुधारणेच्छु’सारखे मराठी पत्र निघाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हेगडे देसाई यांचा ‘भारत’ निघू लागला. वृत्तपत्राच्या उत्पन्नावर छापखाना चालत नाही, हे छापखानेवाल्यास सांगावे लागत नाही. त्याची चूल पेटते ती पावतीपुस्तके, नाटकांच्या जाहिराती आणि लग्नपत्रिकांवर.

मुंबईकडे रुळलेल्या ज्या पद्धतीने स्टीफन्स साहेबांचा सहाशेचा आकडा आटोक्यात आला, तिला ‘डिग्री’ पद्धत म्हणतात. मधल्या ओळीत मूळ अक्षर, वरच्या ओळीत वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालच्या ओळीत उकार, ऋकार, असे तीन मजले वेगवेगळ्या खिळ्यांनी उभे करावयाचे. साचे कमी झाले, पण जुळाऱ्याचे काम वाढले. जी ओळ वाचताना एक दिसते ती स्टिकमध्ये तीन ओळींची असते, आणि वरच्या मजल्यावर जेथे काही नाही तेथेही कोरा खिळा भरावा लागतो. अन्यथा शेजारची वेलांटी घरंगळत येऊन भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसते. लग्नपत्रिकेत तर अक्षरे मोठी, ओळी आखूड आणि प्रत्येक ओळ मधोमध. जुळाऱ्यास दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागा सारख्या करून घ्याव्या लागत. घरच्या माणसाने ऐनवेळी ‘आजोबांच्या नावामागे रावसाहेब घाला’ असे म्हटले की सारी ओळ सोडून पुन्हा भरावयाची.

मी लहानपणी फोंड्याच्या बाजारातील ज्या छापखान्यात जात असे, तेथे मराठी खिळ्यांच्या चार केसी होत्या आणि रोमन अक्षरांच्या दोन. मालक व जुळारी एकच. पत्रिकेचा ठरावीक मजकूर त्यांनी बांधून ठेवलेलाच असे. वर ‘श्री’ आणि गजानन, त्याखाली कुलदेवतेचे नाव, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, आणि शेवटी ‘सहकुटुंब सहपरिवार येऊन वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत’. मधली नावे, तिथी आणि स्थळ तेवढे प्रत्येक घराचे निराळे. तरीही एका घराची पत्रिका दुसऱ्या घरासारखी दिसू नये, ही यजमानांची अपेक्षा असे, आणि तेथेच त्या गृहस्थांचे कसब दिसे. त्यांच्याजवळ वेलबुट्टीचे लहान लहान खिळे होते: एक पान, एक कळी, एक कोयरी, एक टिंब. तेच चार खिळे ते उलटसुलट जोडून कधी तोरण करीत, कधी मखर, कधी नुसती दुहेरी रेघ. गजाननाचा ठसा एकच, लाकडावर बसविलेला जस्ताचा, आणि त्याच्या सोंडेचे टोक झिजलेले. त्यांनी एकदा मला सांगितले होते, “बाळा, हा गणपती हजारो लग्ने जेवला आहे, म्हणून त्याचे दात पडले.”

वैशाखात मोठीच पंचाईत होई. एका पत्रिकेत ‘श्री’ किती येतात, हे श्रोत्यांनी घरी जाऊन एखाद्या जुन्या पत्रिकेत मोजून पाहावे. देवाच्या नावाला श्री, यजमानाला श्री, व्याह्याला श्री, मामांना, काकांना श्री. एकावेळी तीन लग्नांचे काम आले की मोठ्या अक्षरातील ‘श्री’ संपत, आणि पहिले काम छापून, खिळे सोडून, धुऊन खणांत परत पडेपर्यंत तिसऱ्या लग्नाचे काका खोळंबून राहत. नवे खिळे मुंबईहून मागवावे लागत. एकट्या ‘श्री’चे पाच-दहा खिळे मागविले तर ते नवे खिळे जुन्या झिजलेल्या खिळ्यांहून किंचित उंच उभे राहत आणि कागदात अधिक रुतत. मग त्या जागेपुरता दाब कमी करण्यासाठी आणि बाकीच्या जागी वाढविण्यासाठी ट्रेडलच्या पाटीवर टिश्यू कागदाचे कपटे चिकटवीत बसावयाचे. पाय मारून चालवावयाच्या त्या यंत्रावर कागद हाताने लावला आणि हाताने काढला जाई. छपाई तांबड्या शाईत. दोन रंग हवे असतील तर सारे कागद दोनदा यंत्रातून जात, म्हणून खर्चही जवळजवळ दुप्पट. सोनेरी अक्षरे हवी असणाऱ्या सधन घरांसाठी ओल्या छापावर सोनेरी भुकटी कापसाने पसरीत, आणि त्या दिवशी मालकांच्या मिशाही सोनेरी दिसत.

पत्रिकेपेक्षा मला स्वतःला अधिक जिव्हाळा आहे तो मंगलाष्टकांच्या कागदाचा. पातळ गुलाबी कागद, एका बाजूस छपाई, अंतरपाटापुढे उभ्या असलेल्या मंडळींना अक्षतांबरोबर वाटावयाचा. त्यात वधूवरांची आणि दोन्ही कुळांची नावे गुंफलेली असत, म्हणून तो दरवेळी नव्याने लिहून नव्याने जुळवावा लागे. बांधून ठेवलेल्या मजकुराचा तेथे उपयोग नव्हता. मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडितात. एका चरणात एकोणीस अक्षरे, आणि पातळ कागदाची रुंदी बेताची. ती ओळ एका दमात मावत नाही. मालक प्रथम कागद संपेल तेथे ओळ मोडीत. गुरुजी एके दिवशी स्वतः छापखान्यात गेले, स्टुलावर बसले आणि त्यांनी चरण म्हणून दाखविला. बाराव्या अक्षरावर आवाज थांबतो, उरलेली सात अक्षरे पुढच्या श्वासात येतात. तेव्हापासून त्या छापखान्यात मंगलाष्टकाची ओळ बाराव्या अक्षरावर मोडू लागली, आणि लग्नात म्हणणाऱ्या मामामंडळींचा श्वास योग्य ठिकाणी सुटू लागला. वृत्ताचा हा धडा आम्ही वर्गात नव्हे, तेथे शिकलो.

हा सारा व्यवहार चालला होता तो कोणत्या राजवटीत, हे विसरून चालणार नाही. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि येथील हिंदूंना धर्माच्या बाबतीत बरोबरीचे स्थान मिळाले. गोव्यातील मराठी शाळा, वाचनालये आणि पत्रे यांना बहर आला तो याच सुमारास. १९२६ च्या लष्करी उठावाने तो बहर ओसरला. त्यानंतर सालाझारच्या अमदानीत छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या कागदावर पूर्वतपासणी आली. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावास उभे राहिले ते सभा आणि भाषण यांच्या हक्कासाठी. त्या काळच्या लिखाणात आणि जुन्या माणसांच्या आठवणींत एक तक्रार पुन्हा पुन्हा भेटते की, येथे लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखविल्यावाचून छापता येत नाही. बाहेरच्या माणसास ही अतिशयोक्ती वाटे. राज्यकर्त्यांना लग्नपत्रिकेचे भय का वाटावे? परंतु विचार करून पाहावे. सभेला बंदी असलेल्या प्रदेशात पाचशे माणसांना एका दिवशी, एका वेळी, एका ठिकाणी बोलाविणारा दुसरा कोणता छापील कागद होता?

माझ्या धाकट्या आत्याचे लग्न शके १८७९ च्या वैशाखात, म्हणजे १९५७ साली झाले. मी तेव्हा याच शाळेत मराठी तिसरीत होतो. त्यापूर्वी दोनच वर्षे सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता आणि भारताने सरहद्द बंद केली होती. मुंबई आणि बेळगावकडील आमचे आप्त येऊ शकतील ही आशा नव्हती. नवे खिळेही येत नव्हते. झिजलेल्या अक्षरांवर काम चालले होते. वडिलांनी चैत्रात मजकूर दिला. गुरुजींनी तो तपासला, मंगलाष्टके रचली. छापखान्यातून निघालेली मुद्रिते कचेरीत गेली. वडील सांगत की, सोबत मजकुराचा पोर्तुगीज गोषवारा जोडून द्यावा लागला. शार्दूलविक्रीडिताचा पोर्तुगीज गोषवारा कोणी व कसा केला असेल याची मला आजही उत्सुकता आहे.

मुद्रिते तीन आठवडे परत आली नाहीत. वडील दोनदा जाऊन आले, उन्हात बाकावर बसून आले. तोवर घरच्या बायकांनी अक्षता देण्यास सुरुवात केली होती, कारण देवाला आणि भावकीला बोलावणे कागदासाठी थांबत नाही. अखेर मान्यतेचा शिक्का बसून कागद आला तो लग्नास सहा दिवस उरले असता, आणि तो हातात घेताच गुरुजींच्या ध्यानात आले की मुहूर्ताचा आकडा चुकला आहे. ‘११ वा. ४३ मि.’ ऐवजी ‘१२ वा. ४३ मि.’ जुळविले गेले होते. पहिल्या वाचनात ते त्यांच्याही नजरेतून निसटले होते. एक खिळा बदलण्याचा प्रश्न. पण शिक्का बसलेल्या मजकुरात एक खिळा जरी बदलला तरी तो नवा मजकूर, आणि नवा मजकूर म्हणजे पुन्हा कचेरी. छापखान्याच्या मालकांनी हात जोडले. त्यांचे म्हणणे रास्त होते. त्यांचे पोट त्या परवान्यावर होते.

१९६१ च्या डिसेंबरात हा जाच संपला. पुढच्याच मार्चमध्ये ‘गोमन्तक’ दैनिक सुरू झाले, गावोगावी छापखाने निघाले, आणि पत्रिकेत कोणी काहीही लिहू लागले. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही बालवाणी पत्रिकेच्या तळाशी आली. ती मला कधीच फारशी रुचली नाही, परंतु ती कोणाला विचारून छापावी लागत नाही, हे समाधान मोठे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑफसेट आणि संगणकावरील अक्षरजुळणी आली, ट्रेडल यंत्रे भंगारात गेली, आणि खिळ्यांचे शिसे वजनावर विकले गेले. फोंड्याच्या त्या छापखान्याच्या जागी मी अलीकडे पाहिले तेव्हा भ्रमणध्वनीचे दुकान होते.

गेल्या वर्षी माझ्या नातीने आपल्या लग्नाच्या पत्रिका मुद्दाम जुन्या ट्रेडलवर छापून घेतल्या. हल्ली ही नवी आवड आहे, परदेशातून आलेली. जाड कापसाचा कागद, आणि अक्षर त्यात इतके खोल रुतलेले की डोळे मिटून बोटाने वाचता यावे. तेथे खिळे नसतात. संगणकावर रेखलेला मजकूर फोटोपॉलिमरच्या पत्र्यावर उठवून त्याचा ठसा घेतात, त्यामुळे तीन मजल्यांची ती कसरत उरलेली नाही. काम देखणे होते. पण आमच्या मालकांनी तो कागद पाहिला असता तर कपाळास हात लावला असता. त्यांच्या लेखी अक्षर कागदाच्या पाठीवर उमटणे हा दोष होता. खिळ्याने कागदास नुसते शिवून परत यावे, हे त्यांचे शास्त्र.

नातीला हा फरक दाखविण्यासाठी मी वडिलांची पेटी उघडली. आत्याच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका तीत आहेत. इतक्या उशिरा हाती आल्या की बऱ्याचशा वाटल्याच गेल्या नाहीत. नातीने एक पत्रिका उलटी करून पाठीवरून बोट फिरविले. पाठ गुळगुळीत होती, फक्त वरच्या एका ‘श्री’चा किंचित उंचवटा लागला. मग तिने ती सुलटी केली आणि मुहूर्ताच्या ओळीवरचा तांबडा डाग कसला, म्हणून विचारले.

तो डाग आमचा होता. शिक्का बसलेला मजकूर छापखान्याने जसाच्या तसा छापून दिला, आणि त्या संध्याकाळी गुरुजींनी आम्हा चार मुलांना शाळेच्या ओट्यावर बसविले. कंदील, दौत, टाक. छापील ‘१२’ मधील दोनाचा एक कसा करावा हे त्यांनी पाटीवर आखून दाखविले: वरचा बाक ठेवावयाचा, पोट भरून काढावयाचे, शेपूट खाली ओढावयाचे, आणि शाई छपाईच्याच रंगाची. सरकारमान्य कागदावर हाताने लिहू नये, असे कोठेही म्हटलेले नाही, एवढेच ते बोलले. रात्री दहापर्यंत आम्ही बसलो. झोप आली तेव्हा त्यांनी आम्हाला घरी धाडले आणि उरलेल्या स्वतः केल्या. तरी काही राहून गेल्या. नातीबरोबर मी मोजून पाहिल्या. पेटीतील एकतीस पत्रिकांवर मुहूर्त अजून बारा वाजून त्रेचाळीस मिनिटांचाच आहे.